टीव्हीवरच्या बायका आणि पुरुष मोजायला मुलांना शिकवतेय, पुढे कसं न्यावं?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. जरा मोठं लिहिणार आहे, शेवटपर्यंत वाचा आणि मदत करा ही विनंती.

गेल्या वर्षी आठवीला स्त्री-पुरुष समानतेवर दोन तास घेतले. फळ्यावर मुद्दे काढले, मुलांनी वह्या भरल्या, निबंधात सगळ्यांनी सावित्रीबाईंपासून सुरुवात केली आणि आज स्त्री कुठल्याच क्षेत्रात मागे नाही इथे शेवट केला. त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत एक मुलगा पडला, ढोपर फुटलं, रडायला लागला, तर निबंधात चांगले मार्क पडलेली तीच पोरं त्याला बायल्या बायल्या म्हणून चिडवत होती. मला ते फार लागलं. म्हणजे शिकवलेलं वहीत राहिलं आणि तोंडात आलं ते दुसरीकडूनच आलं.

कुठून आलं तर घरातून, गल्लीतून, आणि रोज संध्याकाळी सात ते दहा चालू असणाऱ्या टीव्हीतून. घराबद्दल वर्गात विचारलं की मुलं गप्प होतात, स्वतःच्या आईबापाबद्दल चारचौघांत कोण बोलणार. टीव्हीबद्दल मात्र मागच्या बाकावरचेही बोलतात. म्हणून यंदा टीव्ही धरला.

पद्धत साधी ठेवली. घरात जे लागतं तेच एक तास बघायचं, मुद्दाम वेगळं काही लावायचं नाही, जाहिराती लागल्या की उठायचं नाही. वहीत रेघा मारायच्या, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. बाई दिसली, पुरुष दिसला, कोण घरात, कोण कामावर. मी माझं मत द्यायचं नाही हे स्वतःशी पक्कं ठरवलं होतं.

आणि झालं काय, तर सगळ्यांच्या रेघा एकत्र केल्यावर बायकाच जास्त भरल्या! एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, बायकाच जास्त आहेत की, मग अन्याय पुरुषांवरच झाला ना?" वर्ग हसला. मी हसले नाही कारण प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. म्हटलं उद्या बोलू.

रात्रभर डोक्यात तेच. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या टीव्हीवर (लोकवर्गणीतून घेतलेला आहे) जाहिराती लावल्या आणि मुलांना सांगितलं डोळे मिटा, फक्त ऐका, शेवटचं वाक्य कोण बोलतंय ते लिहा. साबण, मसाला, सिमेंट, मोटरसायकल, फरशीचं औषध, विमा. मग उलटं केलं, आवाज बंद आणि फक्त चित्र. पाच-सहा जाहिरातींनंतर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, कपडे धुतेय बाई आणि साबण चांगला आहे हे सांगतोय न दिसणारा माणूस." मग सगळे सुटले. फरशी पुसणारी बाई, तिला कसं पुसायचं हे शिकवायला दारात आलेला पुरुष. पांढरा कोट घातलेला कोण, स्कूटर चालवतो कोण आणि मागे बसतो कोण, पाहुणे आल्यावर उठतो कोण आणि बसून राहतो कोण. रेघा तिथल्या तिथे वाढत गेल्या आणि कालचा तो मुलगाच सगळ्यात जोरात ओरडून सांगत होता.

इथवर छान. आता अडचणी दोन. एक पालक येऊन म्हणाले की पोरांना टीव्ही बघायला शाळाच सांगते का. ते मी समजावलं. दुसरी मोठी आहे. चौथ्या-पाचव्या तासानंतर काही मुलगे गप्प झालेत, त्यांना वाटतंय की मॅडम आपल्यालाच बोलतायत. मला ते नकोय. पुढे काय करावं? कुणी असं काही केलंय का?

रानजाई

ताई, आधी मनापासून अभिनंदन. तुमच्या वर्गाने जे मोजलं तेच मोठ्या अभ्यासात निघालेलं आहे, म्हणून मुलांना जरूर सांगा. युनिसेफ आणि जीना डेव्हिस इन्स्टिट्यूट (पडद्यावर बायका-पुरुष कसे दाखवतात याचा अभ्यास करणारी संस्था) यांनी २०१९ मध्ये भारतात टीव्ही आणि यूट्यूबवर दाखवलेल्या हजाराच्या वर जाहिराती तपासल्या होत्या, अहवाल २०२१ मध्ये आला. त्यातही पडद्यावरचा वेळ बायकांचाच जास्त, जवळजवळ ६० टक्के, बोलण्याचा वेळही निम्म्याहून जास्त. कारण त्यातच दिलंय, साफसफाई, खाणंपिणं आणि सौंदर्य या वस्तूंच्या जाहिराती बायकांना उद्देशून असतात. आई म्हणून दिसणाऱ्या बायका बाप म्हणून दिसणाऱ्या पुरुषांच्या तिप्पट.

म्हणजे त्या मुलाचा प्रश्न आडवा नव्हताच, संशोधन करणाऱ्यांनाही त्याच प्रश्नाशी थांबावं लागतं. किती दिसल्या याच्या पुढे जाऊन कशासाठी दिसल्या हे विचारावं लागतं. त्याच अहवालातला आणखी एक मुद्दा मुलांना मोजायला द्या, रंग. उजळ रंगाच्या बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त निघालं होतं. आपल्याकडच्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये नावातला 'फेअर' शब्द काढून टाकला, पण जाहिरातीतले चेहरे बदलले का हे मुलांनाच बघू द्या.

निवृत्त_टायपिस्ट

वाचून फार बरं वाटलं. माझी एक आठवण लिहितो. आमच्या वेळी दूरदर्शन एकच. कपड्याच्या पावडरीच्या जाहिरातीत ललिताजी यायच्या, निळ्या काठाची पांढरी साडी, भाजीवाल्याशी पैशाचा हिशोब करणाऱ्या, ठाम. ते काम केलं होतं कविता चौधरी यांनी. त्याच बाईंनी पुढे १९८९ मध्ये 'उडान' मालिका लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात आयपीएस अधिकाऱ्याची मुख्य भूमिकाही केली. ती गोष्ट त्यांच्या सख्ख्या बहिणीवरून घेतलेली, कांचन चौधरी भट्टाचार्य, ज्या २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशात त्या पदावर बसलेल्या पहिल्या महिला.

माझी धाकटी बहीण तेव्हा दहावीत होती. रात्री जेवण अर्धं टाकून ती ते बघायची. ती पोलिसात नाही गेली, पण घरच्यांशी भांडून मुंबईला नोकरीला गेली आणि अजून सांगते की त्या मालिकेमुळे वडलांसमोर उभं राहायचं बळ आलं. टीव्हीने नुसतं बिघडवलंच असं नाही हेही मुलांना कळू दे. एकाच बाईचा चेहरा, एकीकडे धुण्याचा साबण आणि दुसरीकडे वर्दी, दोन्ही दाखवून विचारा की काय फरक वाटतो, आणि ललिताजीसुद्धा पैशाचा निर्णय स्वतः घेत होत्या हे कुणाच्या लक्षात येतं का बघा.

भोरचा_बाप

मी थोडं विरुद्ध लिहितो, राग मानू नका मॅडम. माझी मुलगी नववीला आहे, तिच्या शाळेतही असंच काहीतरी झालं. घरी येऊन आजीला म्हणाली की तू असलं फालतू बघतेस म्हणून बायकांचं असं होतं. माझी आई दोन दिवस टीव्हीसमोर बसली नाही. आई पहाटे पाचला उठते, गुरं, स्वयंपाक, शेतावर डबा, आणि संध्याकाळचा तो एक तास तिचा असतो. तोही तुम्ही काढून घेणार आणि वर तिलाच दोष देणार? मालिका बनवणारे मुंबईत बसलेत, बोलणी माझ्या आईने खायची हे काही मला पटत नाही.

रानजाई

भोरचा_बाप, दादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि हे आधी कुणीतरी लिहायला हवं होतं. माझ्या सासूबाईही मालिका बघतात पण बघताना त्यांचं तोंड चालू असतं, "अगं झोपताना एवढे दागिने कोण घालतं", "ही ऑफिसला जाते दाखवतात आणि कधी काम करताना दिसत नाही". त्यांच्याइतकी चिकित्सा मी कॉलेजात ऐकली नव्हती. आजीला वर्गाची गुरू करा ना. मुलांनी आजीची मुलाखत घ्यायची, की नवीन बाई मालिकेत आली की ती वाईट आहे हे तुला पहिल्या मिनिटाला कसं कळतं? आजी सांगेल, केस मोकळे, ब्लाउज बिनबाह्यांचा, इंग्रजी बोलते, नोकरी करते, मागे ढँण वाजतं. मग मुलं स्वतःच विचारतील की नोकरी करणारी वाईट का.

कृष्णाकाठ

भोरचा_बाप, राग कसला, उलट तुम्ही माझे डोळे उघडलेत. मी आईवडलांना जपलं होतं पण आजीचा विचार केला नव्हता. आजीची मुलाखत हे या आठवड्यातच घेते.

कॉपीमास्टर

मी पंधरा वर्षं जाहिरात एजन्सीत काम करतो, मराठी आणि हिंदी कॉपी म्हणजे जाहिरातीतला मजकूर लिहितो. आतलं सांगतो. क्लायंटकडून ब्रीफ म्हणजे काय हवं ते सांगणारा कागद येतो, त्यात टीजी म्हणजे जाहिरात कुणासाठी आहे ते लिहिलेलं असतं, गृहिणी, अमुक वय, दोन मुलं. वस्तू ती विकत घेते म्हणून तीच दाखवायची, आणि ती घरात असते म्हणून घरातच दाखवायची. तीस सेकंदांत गोष्ट सांगायची असते तर बघणाऱ्याला आधीच जे माहीत आहे तेच वापरणं सोपं जातं. पदर, देवघर, शाळेचा गणवेश, झालं, आई उभी राहिली. वेगळी आई उभी करायला जास्त सेकंद लागतात आणि सेकंदाला पैसे लागतात. कोणी कट करून बसलेलं नसतं, आळस आणि भीती जास्त. मी स्वतःही अशा कॉपी लिहिल्यात आणि आज त्यातल्या काही मला बघवत नाहीत.

बदलतंय मात्र. एका धुण्याच्या पावडरीने २०१५ पासून कपडे धुणं फक्त बाईचं काम का, हाच विषय घेऊन जाहिराती केल्या. चॉकलेटची ती जुनी नव्वदच्या दशकातली जाहिरात आठवते ना, फलंदाज षटकार मारतो आणि मुलगी मैदानात नाचत येते. २०२१ मध्ये त्याच कंपनीने तीच परत केली, षटकार मारणारी मुलगी आणि नाचत येणारा मुलगा. दोन्ही मुलांना लागोपाठ दाखवा, एक शब्द बोलू नका, नुसतं दाखवा.

आणि एक गोष्ट शिक्षकांना फारशी माहीत नसते. ॲस्की म्हणजे जाहिरात मानक परिषद, १९८५ पासूनची, तिने जून २०२२ मध्ये लिंगभेदी साच्यांबद्दल, म्हणजे बाई अशीच आणि पुरुष असाच असं ठरवून दाखवण्याबद्दल, नियमावली काढली. बाई घर झाडताना दाखवली तर चूक नाही, पण ते काम फक्त बाईचंच असं सुचवलं तर चूक. घरातले सगळे पसारा करतायत, नवरा पाय वर करून बसलाय आणि एकटी बाई आवरतेय, हे चालत नाही. पुरुषाला बाळाचं लंगोट बदलता येत नाही किंवा बाईला गाडी लावता येत नाही, ते पण ते पुरुष किंवा बाई असल्यामुळे, असं दाखवलेलंही चालत नाही. तक्रार कुणीही करू शकतं, पैसे लागत नाहीत. आठवीच्या मुलांना मराठीत तक्रार-अर्ज लेखन असतंच, खरी जाहिरात घेऊन खरा अर्ज लिहू दे की!

चिकूची_आई

कॉपीमास्टर, लंगोटाचा मुद्दा फार महत्त्वाचा, कारण गप्प झालेल्या मुलग्यांचं उत्तर त्यातच आहे असं मला वाटतं. कृष्णाकाठ ताई, आता आठवडाभर फक्त पुरुष मोजायला द्या. टीव्हीवर पुरुष किती वेळा रडला, किती वेळा घाबरला, किती वेळा "मला जमत नाही" म्हणाला, किती वेळा मुलाला कुशीत घेतलं. आणि घरात असला तर किती वेळा वेंधळा दाखवला, चहा उतू घालवणारा, मुलीची वेणी वाकडी घालणारा. विम्याच्या जाहिराती बघा, सगळ्या घराचं ओझं एकट्या बापाच्या खांद्यावर, आणि जुन्या जाहिरातींत तर पैसे साठवायचे ते मुलाच्या शिक्षणासाठी आणि मुलीच्या लग्नासाठी. तेरा वर्षांच्या मुलाला हे बघून काय वाटत असेल, की मोठं होणं म्हणजे न रडता पैसे आणणं. ढोपर फुटलेल्या मुलाला चिडवलं ते इथूनच आलं. मुलग्यांना हे मोजू द्या, त्यांना आपोआप कळेल की हा साचा त्यांनाही आवळतोय.

माझ्या नवऱ्याने आमच्या मुलीला वर्षभर आंघोळ घातली, वेण्या घातल्या, कधी वाकड्या आल्या नाहीत. त्याला त्या जाहिराती बघून खरंच वाईट वाटतं.

उत्तरेचा_वारा

चिकूची_आईशी सहमत, +१. यावर भारतातच मोठं काम झालंय ते सांगतो. हरियाणात सोनीपत, पानिपत, रोहतक, झज्जर या चार जिल्ह्यांत ब्रेकथ्रू संस्थेने १५० सरकारी शाळांत 'तारों की टोली' नावाचा कार्यक्रम केला, सातवी ते दहावीच्या दरम्यान अडीच वर्षं, साधारण तीन आठवड्यांतून एकदा पाऊण तासाचा वर्ग, मुलगे-मुली एकत्र. बाकीच्या तशाच शाळांशी तुलना केली. मुलांची मतं बदलली, कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनी तपासलं तरी ती टिकून होती, आणि वागण्यातला बदल मुलग्यांत जास्त दिसला, घरकामात हात लावायला लागले. म्हणजे मुलगे कठीण नसतात, त्यांना आरोपीसारखं उभं करू नये इतकंच. आणि अडीच वर्षं लागली हेही लक्षात घ्या, चार तासांत निराश होऊ नका ताई.

मुंबईतही २००८ पासून ४५ महापालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलांबरोबर कोरो, टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि आयसीआरडब्ल्यू (स्त्रियांविषयी संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) यांनी 'जेम्स' नावाने असंच काम केलं होतं.

बोरी_बाभळी

माझा विषय मराठी म्हणून एक भाषेचा मुद्दा. इंग्रजीत बॅट्समन शब्द २०२१ मध्ये नियमांतून काढून बॅटर केला, किती चर्चा झाली. आपला फलंदाज, गोलंदाज आधीपासूनच दोघांनाही चालतो! २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपण विश्वचषक जिंकलो त्या रात्रीचं मराठी समालोचन मुलांना ऐकवा आणि विचारा, कुठे नुसतं क्रिकेट म्हटलंय आणि कुठे महिला क्रिकेट. पुरुषांच्या सामन्याला पुरुष क्रिकेट कोण म्हणतं का? आणि बायकी, बायल्या, बाईमाणूस, पुरुषासारखा पुरुष असून, हे शब्द मालिकेत आले की लिहून आणायला सांगा, कोण कुणाला म्हणालं ते पण.

दुसरं म्हणजे हे सगळं परदेशातून आलंय असं कुणी पालक म्हणाले तर त्यांना ताराबाई शिंदे सांगा. १८८२, बुलढाणा, 'स्त्री पुरुष तुलना'. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त बायकांना नावं ठेवली, तेव्हा ताराबाईंनी तेच केलं जे तुमची मुलं करतायत, बायकांना चिकटवलेला एकेक दुर्गुण घेतला आणि तो पुरुषांत किती आहे हे ताडून दाखवलं. अदलाबदल करून बघायची रीत आपल्याकडे दीडशे वर्षं जुनी आहे.

टोरांटोकर

इकडे कॅनडात ऑंटारियोत माध्यम साक्षरता, म्हणजे टीव्ही-जाहिराती पारखून बघायला शिकणं, शाळेच्या भाषेच्या अभ्यासक्रमात १९८० च्या दशकापासून आहे. माझ्या मुलीला पाचवीत खेळण्यांच्या जाहिराती दिल्या होत्या, मुलांच्या जाहिरातीत कुठली क्रियापदं आणि मुलींच्या जाहिरातीत कुठली ते वेगळं लिहायचं. ती फक्त क्रियापदांची यादीच इतकी बोलकी होती की वर काही सांगावंच लागलं नाही. मराठीच्या तासाला व्याकरणातच होऊन जाईल. तुमची दहावी असेल तर इतिहासात प्रसारमाध्यमांचा धडा आहे ना, तिथेही बसेल.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन आठवड्यांनी परत येतेय. काय काय झालं ते लिहिते.

आजींच्या मुलाखती अप्रतिम आल्या. एका आजीने नातवाला सांगितलं की "मालिकेतली सून कधी पाण्याला जात नाही, म्हणून बघायला बरं वाटतं." हे मी कितीही शिकवलं असतं तरी सांगू शकले नसते. बघणाऱ्याला त्यातून काय मिळतं हा प्रश्नच माझ्या तक्त्यात नव्हता, आता घातलाय.

पुरुष मोजायचा आठवडा पण घेतला. गप्प झालेले मुलगे परत बोलायला लागले. रडणारा पुरुष एका मुलाला सबंध आठवड्यात एकदाच सापडला, तोही चितेसमोर. त्यावर वर्ग बराच वेळ शांत होता. मग ज्याचं ढोपर फुटलं होतं तो मुलगा (आता नववीत आहे, मी त्याला मुद्दाम नव्हतं बोलावलं, दारातून ऐकत होता) म्हणाला, "मॅडम, दुखलं की रडू येतंच." कुणी हसलं नाही.

आणखी एक घडलं ते मी ठरवलेलं नव्हतं. सरकारचं २०१९ चं वेळ-वापर सर्वेक्षण मी वाचून दाखवलं. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के, आणि जे करतात त्यांचाही दिवसाचा वेळ बाईचा २९९ मिनिटं, पुरुषाचा ९७. मुलांना आकडे पटेनात, म्हणाली आमची आई तर सात ते नऊ टीव्ही बघत बसते. म्हटलं बरं, आज टीव्हीकडे न बघता टीव्ही बघणाऱ्यांकडे बघा, हात काय करतायत ते लिहा. मन लावून लिहून आणलं पोरांनी. आई मेथी निवडत होती. आजी वाती वळत होती. काकू गणवेशाला बटण लावत होती. मोठी बहीण लसूण सोलत होती. पप्पांच्या हातात रिमोट, काकांच्या हातात मोबाईल. एका मुलाने लिहिलं होतं, "मी आईच्या शेजारी बसून लसूण सोलला आणि मग लिहिलं."

'आई कुठे काय करते' हे मालिकेचं नाव फळ्यावर लिहिलं आणि खाली नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. बाकी तास त्यावरच गेला.

भोरचा_बाप

मॅडम, वाचून डोळ्यात पाणी आलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली त्या वाती वळणाऱ्या आजीला माझा नमस्कार सांग. तुमचा तक्ता इथे टाकाल का, मुलीच्या शाळेत देतो.

कृष्णाकाठ

टाकते की. रकाने इतकेच आहेत. कार्यक्रम की जाहिरात, कोण दिसतं, काय करतं, कोण बोलतं, शेवटचं वाक्य कुणाचं, पैशाचा निर्णय कुणाचा, बाई आणि पुरुष यांची अदलाबदल केली तर विचित्र वाटतं का आणि का, बघणाऱ्याला त्यातून काय मिळतं, आणि शेवटचा रकाना, टीव्ही चालू असताना घरात कुणाचे हात काय करत होते. मुलांना मत आधी लिहू देऊ नका, आधी रेघा आणि मग मत. आणि नावं कुणाची लिहायची नाहीत, नुसतं आई, आजी, काका.

कॉपीमास्टर, तक्रारीचा अर्ज दोन गटांनी लिहायला घेतलाय. एका जाहिरातीवरून वर्गात वाद आहे, अर्ध्या मुलांना ती नियमात बसते वाटतं आणि अर्ध्यांना नाही. शनिवारी सकाळच्या शाळेत पुन्हा दाखवून मतं घेणार आहे. मसुदा झाला की इथे टाकते, जरा बघून द्याल का?

कॉपीमास्टर

नक्की. दोन्ही गटांचे पाठवा, नाही म्हणणाऱ्यांचं म्हणणंही पाठवा. जाहिरातीची तारीख, वेळ आणि चॅनल लिहून ठेवायला सांगा, ते लागतं.